दुसरा ग्रुप हवाय की दुसरा बॉयलर? घरच्या एस्प्रेसो मशीनची निवड, पुण्यातल्या ओट्यावरून

दिवाळीनंतरच्या एका रविवारी मेव्हण्याचा फोन आला. "दाजी, बाणेरला एक कॅफे बंद होतोय. टू ग्रुप कॉफी मशीन काढलंय विकायला, इटालियन. नव्या सिंगल ग्रुपच्या किमतीत मिळतंय. घेऊन टाकू ना?" जुन्या बाजारात सागवानी कपाट मातीमोलाने सापडावं, तसा त्याचा आवाज झाला होता. "ठेवणार कुठे?" मी विचारलं. "ओट्यावर." "कोणत्या प्लगवर?" यावर मात्र पलीकडे शांतता.

पुढचे दोन रविवार आम्ही मोजपट्टी, पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर आणि विजेचं बिल घेऊन बसलो. तोच हिशेब इथे ज्या क्रमाने आम्ही केला त्या क्रमाने देतोय. किमती मुद्दाम देत नाही, त्या दर दोन महिन्यांनी हलतात. ओटा आणि नळ मात्र तिथेच राहतात.

पायरी १: ग्रुप म्हणजे नेमकं काय ते समजून घ्या

मशीनच्या पुढे जे जाड पितळी डोकं असतं आणि ज्यात आपण हँडल, म्हणजे पोर्टाफिल्टर, फिरवून बसवतो, तो ग्रुप. बॉयलरमधलं पाणी त्यातून साधारण ९ बार दाबाने आणि ९० ते ९६ अंश तापमानाला कॉफीवर पडतं. १८ ग्रॅम पूड, २५ ते ३० सेकंद, कपात ३६ ग्रॅमच्या आसपास एस्प्रेसो, हे एका शॉटचं सुरुवातीचं माप. ग्रुप एक असो वा चार, कपातल्या चवीत त्याने काडीचा फरक पडत नाही. दुसऱ्या ग्रुपने वाढते ती फक्त एका वेळी निघणाऱ्या शॉटची संख्या.

घोळ होतो तो 'ड्युअल' या शब्दाने. ड्युअल बॉयलर म्हणजे टू ग्रुप नव्हे. ड्युअल बॉयलरमध्ये कॉफीच्या पाण्याचा बॉयलर वेगळा आणि वाफेचा वेगळा असतो, डोकं मात्र एकच असू शकतं. घरासाठीची बहुतेक चांगली ड्युअल बॉयलर मशीन सिंगल ग्रुपचीच असतात. माझ्या मेव्हण्याने तीन महिने व्हिडिओ पाहून 'मला ड्युअल पाहिजे' असं ठरवलं होतं, आणि त्याच शब्दाचा हात धरून तो टू ग्रुपपर्यंत पोचला होता.

पायरी २: आठ दिवस वही ठेवा

स्वयंपाकघरात एक वही लटकवा. घरात कॉफी झाली की वेळ, कप किती, दुधाची की बिनदुधाची, आणि एका वेळी किती जणांना हवी होती, एवढं लिहा. अंदाजाने लिहू नका. माणूस अंदाज करायला बसला की घरी रोज पंचवीस पाहुणे येतात.

मेव्हण्याच्या वहीत आठवड्याअखेर निघालं ते असं: रोज सकाळी सव्वासातला दोन कपुचिनो, चारच्या सुमाराला एक अमेरिकानो, शनिवारी रात्री मित्र आले तेव्हा एकदम सहा कप. सासूबाई जायफळ घातलेली कॉफी पितात, तीही पातेल्यात उकळलेली. त्यांचा या सगळ्या प्रकरणाशी संबंध फक्त ओट्यावरची जागा जाणार एवढाच.

आता सहा कपांचा हिशेब. १८ ग्रॅमच्या बास्केटला, म्हणजे पूड भरायच्या गाळणीला, दोन तोंडांचं हँडल लावलं की एका शॉटमधून दोन कप भरतात, म्हणजे सहा कपांना तीन शॉट. पूड दळायला १५ सेकंद, पसरून टॅम्प करायला, म्हणजे दाबून बसवायला, तेवढेच, शॉटला ३०, दूध फेसाळायला ३० ते ४०. शॉट पडत असतानाच दूध करता आलं, तर एका फेरीला दीड-दोन मिनिटं. सहा कप पाच-सहा मिनिटांत होतात. हे सगळं एका ग्रुपवर.

दुसरा ग्रुप असता तर किती वेळ वाचला असता? ग्राइंडर एकच, टॅम्प करणारा माणूस एकच, दुधाचा जग धरणारा हातही तोच. फार तर एखादं मिनिट. कॅफेत दुसरा ग्रुप असतो कारण तिथे दुसरा माणूसही असतो, दुसरा ग्राइंडरही असतो आणि समोर रांग असते. पण वरच्या हिशेबात एक 'तर' होता, 'शॉट पडत असतानाच दूध करता आलं तर'. घरच्या मशीनची खरी निवड त्या 'तर'पाशी आहे, म्हणून पुढची पायरी जरा सावकाश वाचा.

पायरी ३: आधी बॉयलर ठरवा

कॉफीला लागतं ९३ अंशांच्या आसपासचं पाणी. दूध फेसाळायला लागते वाफ, आणि त्यासाठी बॉयलर १२० अंशांच्या पुढे, एक ते दीड बार दाबाला न्यावा लागतो. एकाच भांड्यातून ही दोन्ही कामं कशी करायची, याची तीन उत्तरं आहेत.

पहिलं, साधा सिंगल बॉयलर. आधी शॉट काढायचा, मग बटण दाबून बॉयलर वाफेपर्यंत तापवायचा, दूध करायचं, आणि पुढच्या शॉटआधी पाणी सोडून तो पुन्हा थंड करायचा. एक-दोन कप पिणाऱ्या घराला हे उत्तम. मशीन लहान, स्वस्त, दुरुस्तीला सोपं. चार पाहुणे आले की मात्र दर फेरीला मिनिट-दीड मिनिट नुसतं वाट पाहण्यात जातं, शेवटचा कप हातात येईपर्यंत पहिल्याचा फेस बसलेला असतो. लोक वैतागून 'आता मोठं मशीन हवं' म्हणतात ते इथेच. त्यांचं दुखणं बॉयलरचं असतं, औषध मात्र ते ग्रुपचं मागतात.

दुसरं उत्तर हीट एक्स्चेंजर, बोलण्यात एचएक्स. बॉयलर वाफेचाच, पण त्याच्या पोटातून एक नळी जाते. कॉफीचं ताजं पाणी त्या नळीतून जाता जाता तापून ग्रुपला पोचतं. इटलीतल्या फाएमा कंपनीने १९६१ साली आणलेल्या ई६१ मशीनने पंप आणि ही रचना प्रसिद्ध केली. त्या वर्षीच्या सूर्यग्रहणावरून त्याचं नाव पडलं. ग्रहणासाठीच्या इटालियन शब्दाचा तो 'ई'. त्याचा जाडजूड ग्रुप आजही शेकडो घरगुती मशीनवर बसतो. वाफ आणि शॉट एकाच वेळी मिळतात. अडचण एवढीच की मशीन तासभर नुसतं उभं राहिलं तर नळीतलं पाणी जास्त तापतं, आणि शॉटआधी थोडं पाणी वाहू द्यावं लागतं. फुसफुस थांबून धार शांत झाली की हँडल लावायचं. आठवड्यात हाताला सवय होते.

तिसरं, ड्युअल बॉयलर. इटलीच्याच ला मार्झोक्को कंपनीने १९७० साली जीएस मशीनमध्ये दोन्ही कामांना वेगळे बॉयलर दिले. यात कॉफीचं तापमान अंशा-अंशाने ठरवता येतं. हलक्या भाजणीच्या चिकमगळूर किंवा कूर्गच्या अरेबिका बिया आणून दर आठवड्याला नवं काहीतरी करून पाहणाऱ्याने याकडे वळावं. घरात मध्यम-गडद भाजणी आणि दुधाचीच कॉफी होत असेल, तर माझ्या मते एचएक्स पुरतो. उरलेले पैसे ग्राइंडरला द्या.

वाफ कमी पडेल का, ही भीती साध्या गणिताने जाते. फ्रिजमधलं १५० मिली दूध ५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ३२ किलोज्यूल उष्णता लागते. १२०० वॉटचं एलिमेंट तेवढी अर्ध्या मिनिटाच्या आत देतं, आणि बॉयलरमध्ये साठलेली वाफ वेगळीच. म्हणजे घरगुती एचएक्स मशीन एकामागून एक जग करत राहिलं तरी दमत नाही. दूध मात्र पिशवीतलं, थंड, न उकळलेलं घ्या. उकळून साय धरलेल्या दुधाचा फेस मऊ येत नाही. पिशवीतलं दूध पाश्चराइज्ड असतं, हे सासूबाईंना पटवायला आम्हाला आणखी एक रविवार लागला.

पायरी ४: प्लग आणि बिल बघा

आपल्या घरात भिंतीवर दोन जातीचे प्लग असतात. छोटा ६ अँपिअरचा, मिक्सर-टीव्हीचा. मोठा १६ अँपिअरचा, ज्याला आपण पॉवर प्लग म्हणतो, गीझर-फ्रिजचा. २३० व्होल्टला १६ अँपिअर म्हणजे ३६८० वॉट, आणि तीही कमाल मर्यादा. घरगुती सिंगल ग्रुप साधारण १२०० ते १८०० वॉट घेतो, ड्युअल बॉयलरचे दोन्ही एलिमेंट एकदम चालले तर त्याहून जास्त. हे सगळं पॉवर प्लगवर निभतं. एक्स्टेंशन बोर्डवर अजिबात नको.

टू ग्रुपचं एलिमेंट बहुतेक वेळा ३ ते ४.५ किलोवॉट असतं. 'गीझर पण तीनचाच असतो की', हा मेव्हण्याचा युक्तिवाद. बरोबर, पण गीझर दहा-पंधरा मिनिटांत बंद होतो. मशीन तासन्तास चालू-बंद होत राहतं, आणि त्याच वेळी इंडक्शन, मायक्रोवेव्ह, फ्रिज त्याच घरात सुरू असतात. महावितरणच्या बिलावर 'मंजूर भार' छापलेला असतो, तो बघा. टू ग्रुप घ्यायचंच असेल तर डीबीपासून, म्हणजे घरच्या मुख्य विजेच्या बोर्डापासून, वेगळी ४ स्क्वेअर एमएमची वायर, वेगळी एमसीबी, नीट अर्थिंग, एवढं काम लायसन्सवाल्या वायरमनकडून आधी करून घ्या. मशीन साडेतीन किलोवॉटच्या पुढचं असेल तर १६ अँपिअरचा प्लगही चालत नाही, थेट जोडणी लागते. कॅफेतून आलेली काही मशीन थ्री फेजवर जोडलेली असतात. ती पुष्कळदा आतल्या पट्ट्या बदलून सिंगल फेजवर येतात, पण ते काम जाणकाराचं.

तापायला किती वीज जाते? ११ लिटरच्या बॉयलरमध्ये सुमारे ७ लिटर पाणी असतं. ते २५ वरून १२० अंशांवर न्यायला पाऊण युनिट लागतं, आणि ३ किलोवॉटने पंधरा मिनिटं. वर तांब्या-पितळेचं वजन तापायचं ते वेगळं, म्हणून खरं मशीन अर्ध्या-पाऊण तासाने तयार होतं. घरगुती एचएक्समधल्या सव्वा-दीड लिटर पाण्याला याच्या पाचव्या हिश्शाइतकीच वीज पुरते. सकाळच्या दोन कपुचिनोंसाठी रोज सात लिटर पाणी उकळणं म्हणजे दोन पोळ्यांसाठी तंदूर पेटवणं.

आणखी एक खास पुणेरी प्रकार. अमेरिकेतून परत येणारा भाऊ कंटेनरमध्ये मशीन टाकून आणतो. ते ११०-१२० व्होल्टचं आणि ६० हर्ट्झचं असतं. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट बदलतात, हर्ट्झ बदलत नाहीत. व्हायब्रेशन पंपाची धडधड विजेच्या हर्ट्झवर चालते, त्यामुळे ५० हर्ट्झवर तो मंदावतो. फुकट मिळत असेल तरी पंप आणि एलिमेंट बदलायचा खर्च आधी विचारून घ्या.

पायरी ५: पाणी, आणि इथे घाई करू नका

मशीन बिघडतात ती बहुतेक पाण्याने. पुणे महापालिकेचं पाणी मुख्यतः खडकवासला धरणसाखळीतून येतं, ते पावसाचं, तसं मऊ. पण शहराच्या कडेच्या अनेक सोसायट्यांत त्यात बोअरचं आणि टँकरचं पाणी मिसळतं. आपल्या काळ्या पत्थरातून उपसलेलं पाणी बहुधा जड असतं, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त. एकाच टाकीत तिन्ही पाणी एकत्र होतात, आणि मे महिन्यातलं प्रमाण ऑगस्टमध्ये राहत नाही. म्हणून शेजाऱ्याच्या आकड्यावर विसंबू नका, स्वतःचा नळ दोनदा तपासा, उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यात एकदा.

तपासायचं कसं? टीडीएस मीटर पुरत नाही. तो पाण्यातल्या क्षारांचा एकूण अंदाज देतो, त्यातला किती भाग बॉयलरला चिकटेल ते सांगत नाही. त्यासाठी थेंब टाकून रंग बदलणारी हार्डनेसची, म्हणजे पाण्याच्या जडपणाची, किट मिळते, मासे पाळणाऱ्यांच्या दुकानातही असते. एक किट हार्डनेसची, एक अल्कलिनिटीची, म्हणजे पाण्याच्या आम्ल शोषायच्या ताकदीची. स्पेशालिटी कॉफी असोसिएशनच्या मापाने हार्डनेस ५० ते १७५ पीपीएम आणि अल्कलिनिटी ४० च्या आसपास असावी. मी त्यातही खालच्या टोकाला राहतो. क्षाराचा थर खरवडण्यापेक्षा तो साचू न देणं सोपं.

'मग आरओचं पाणी घालू' असं सगळ्यांना वाटतं. मीही घातलं होतं. तिसऱ्या दिवशी वाफेच्या नळीतून वाफेऐवजी गरम पाण्याची पिचकारी आली. बॉयलरमध्ये पाणी किती आहे हे एक धातूची सळई ओळखते. पाण्यातून वीज वाहिली तर 'पाणी आहे'. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसल्याने वीज वाहत नाही, सळईला वाटतं बॉयलर रिकामा, आणि पंप भरत सुटतो. शिवाय असं कोरं पाणी धातूला खातं आणि कॉफी पाणचट लागते.

यावर घरगुती उतारा आहे. ८.४ ग्रॅम खाण्याचा सोडा एक लिटर आरओच्या पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवा. मशीनच्या टाकीत घालायच्या दर लिटर आरओ पाण्यामागे त्यातले १० मिली टाका. अल्कलिनिटी साधारण ५० पीपीएम होते, क्षार चिकटत नाही, सळईला पाणी दिसतं. सोडियम नको असेल तर पोटॅशियम बायकार्बोनेट १० ग्रॅम, बाकी तसंच. छोटा डिजिटल काटा हवा, चमच्याने मोजू नका. आणि साधा सोडाच घ्या, बेकिंग पावडर नव्हे.

आता हे टू ग्रुपला लावून बघा. कॅफेचं मशीन टाकीवर चालत नाही, त्याला नळाची जोडणी आणि सांडपाण्याचा पाइप लागतो. त्यातला रोटरी पंप आवाजाला शांत, पण त्याला आत येणारं पाणी दाबाने हवं. आपल्या इमारतीत पाणी गच्चीवरच्या टाकीतून उतरतं. दहा मीटर उंचीला एक बार दाब, एक मजला साधारण तीन मीटर. अकरा मजली इमारतीत सातव्या-आठव्या मजल्यावर जेमतेम एक बार येतो, आणि वरच्या मजल्यावर टाकी डोक्यावरच असूनही जवळजवळ काहीच नाही. मग प्रेशर पंप, त्यापुढे गाळणी, त्यापुढे पाणी मऊ करणारा सॉफ्टनर, हे सगळं सिंकखाली. त्यात महापालिकेचा 'गुरुवारी पाणी बंद' आणि शुक्रवारी येणारं गढूळ पाणी. वीस लिटरचा जार आणि छोट्या पंपावरही टू ग्रुप चालवता येतं, पण सांडपाण्याचा पाइप तरी उताराने न्यावाच लागतो. मेव्हण्याच्या ओट्यापासून मोरी साडेतीन मीटरवर आणि मध्ये फ्रिज. त्याचा चेहरा पहिल्यांदा इथे पडला.

पायरी ६: मोजपट्टी

टू ग्रुप साधारण ७० ते ८० सेंमी रुंद, ५० ते ६० सेंमी खोल, वजन ५० ते ७५ किलो. आपला ओटा ६० सेंमी खोल, त्यात भिंतीकडे नळ्या-वायरींना दहा सेंमी सोडा. लहान आकाराची टू ग्रुपही मिळतात, पण ग्रुप इतके जवळ की दोन हँडल एकमेकांना आपटतात. सिंगल ग्रुपला २५ ते ३५ सेंमी रुंदी पुरते. त्यालाही वरचं कपाट आडवं येतं, कारण पाण्याची टाकी बहुतेकदा वरून भरावी लागते. मशीनची उंची अधिक एक वीत, एवढी मोकळी जागा आहे का बघा. गॅसच्या शेगडीशेजारी मशीन नको, फोडणीचं तेल उडून त्याची कळा जाते.

पायरी ७: ग्राइंडर

एकूण पैशांतला तिसरा हिस्सा तरी त्याला काढून ठेवा. ग्राइंडर बारीक आणि एकसारखं दळत नसेल तर लाखाचं मशीनही आंबट पाणी देतं. पावसाळ्यात पुण्याच्या हवेला दमटपणा चढला की काल जमलेला शॉट आज अडखळतो. ग्राइंडरवरच्या हॉपरमध्ये बिया भरून ठेवू नका, एका वेळेपुरत्या मोजून टाका आणि दळणाची जाडी थोडी थोडी बदलत जा. टू ग्रुपचा खरा उपयोग करायचा तर ग्राइंडरही दोन लागतात, ही गोष्ट विकणारा सहसा सांगत नाही.

टू ग्रुप कुणी घ्यावं

घरातूनच व्यवसाय करणाऱ्याने. तळमजल्यावर बंगल्यात ऑफिस आहे आणि अकरा वाजता तीस जण एकदम येतात, बेकरीबरोबर कॉफी द्यायची आहे, किंवा घरी बरिस्ता शिकवायचे वर्ग घ्यायचे आहेत आणि दोन विद्यार्थी शेजारी उभे करायचे आहेत, तर दुसरा ग्रुप हवाच. कसोटी एकच धरा. दोन माणसं एकाच वेळी मशीनसमोर उभी राहणार आहेत का?

'कधीतरी लागेल' म्हणून घेतलेला दुसरा ग्रुप घरात काय करतो तेही सांगतो. एकच बॉयलर असलेल्या टू ग्रुपमध्ये न वापरलेलं डोकंही दिवसभर तापत राहतं, त्याची रबरी गॅस्केट वाळते, नळीतलं पाणी साचून राहतं. ते रोज वाहतं करून धुवावं लागतं, कॉफी त्यातून निघो न निघो. प्रत्येक ग्रुपला वेगळा बॉयलर असलेल्या मशीनमध्ये एक डोकं बंद ठेवता येतं, पण ती किमतीला कुठच्या कुठे जातात. हळदीकुंकवाच्या किंवा फराळाच्या दिवशी चाळीस माणसांना कॉफी द्यायची असेल, तर पितळी फिल्टरमध्ये आदल्या रात्री डिकॉक्शन काढून ठेवा. त्या दिवशी कुठलंही एस्प्रेसो मशीन बंदच बरं.

जुनं मशीन बघायला गेलात तर

विकणाऱ्याला आधीच सांगा, मी येईपर्यंत मशीन थंड ठेवा. तापलेलं मशीन आपले दोष लपवतं. आधी मागची पट्टी वाचा: व्होल्ट, फेज, किलोवॉट, वर्ष. मग चालू करा आणि घड्याळ लावा. तापताना वरच्या छोट्या व्हॉल्व्हमधून थोडी वाफ फुसफुसून तो आपोआप बंद व्हायला हवा. फुसफुसतच राहिला तर खराब आहे. बॉयलरचा काटा एक ते सव्वा बारवर येऊन स्थिर राहायला हवा, चढतच गेला तर तिथेच मशीन बंद करायला सांगा. सेफ्टी व्हॉल्व्ह जागेवर आहे ना, गळतो म्हणून कुणी बुच मारलेलं नाही ना, हे डोळ्यांनी बघा. दाबाखालच्या भांड्याशी खेळ नको.

हँडलमध्ये भोकं नसलेली आंधळी बास्केट लावून पंप चालवा. काटा ९ बारच्या आसपास थांबावा आणि हँडलच्या कडेने पाणी झिरपू नये. झिरपलं तर गॅस्केट गेली, ती स्वस्त वस्तू आहे, घाबरू नका. शॉट थांबवल्यावर दाब झटकन सुटून ट्रेमध्ये पाणी फुस्सकन पडलं पाहिजे. नाही पडलं तर तीन तोंडी व्हॉल्व्ह तुंबलाय. शेवटी, मशीन बंद करून पुरतं थंड झाल्यावर, शक्य असेल तर पाण्याच्या पातळीची सळई काढून भोकातून मोबाइलच्या टॉर्चने आत बघा. पांढरा जाड थर दिसला तर किंमत कितीही पाडली तरी उठून या. जुना थर सायट्रिक ॲसिडने सोडवायला गेलं की त्याच्या खपल्या सुटून बारीक नळ्यांत अडकतात, आणि मग बॉयलर उघडण्याशिवाय गत्यंतर राहत नाही.

वीज गळली की पुरवठा तोडणारी ईएलसीबी असलेल्या घरात नेऊन चालवायची तयारी असेल तर आणखी उत्तम. जुन्या एलिमेंटमधून थोडी वीज गळत असते, ती कॅफेच्या बोर्डावर कळत नाही, घरच्या ईएलसीबीला लगेच कळते.

आणि एक प्रश्न नव्या-जुन्या दोन्हीसाठी: बिघडलं तर पुण्यात हात कोण लावणार? मुंबईहून किंवा बंगळूरहून माणूस यायचा असेल तर त्याचा फेरा किती, गॅस्केट-व्हॉल्व्ह किती दिवसांत येतात, हे पैसे देण्याआधी फोन करून विचारा. ५८ मिलिमीटरचं हँडल असलेलं मशीन घेतलं तर बास्केट, टॅम्पर, गाळण्या सहज मिळतात. अडनिड्या मापाचं घेतलं की एका बास्केटसाठी महिनाभर पार्सलची वाट बघत बसाल.

मेव्हण्याने शेवटी टाकीवर चालणारं एचएक्स, सिंगल ग्रुप घेतलं. वाचलेल्या पैशांत ग्राइंडर आला, ओट्याशेजारी नवा पॉवर प्लग आला, आणि सासूबाईंच्या पातेल्याची जागा होती तिथेच राहिली. बाणेरचं ते टू ग्रुप वारज्यात नाष्ट्याचं दुकान काढणाऱ्या एका जोडप्याने नेलं. टेम्पोत चढवायला चौघे लागले, त्यातले दोघे आम्ही. परवा तिकडून जाताना थांबलो होतो. सकाळी सात ते दहा नवरा-बायको दोघं मशीनसमोर उभी असतात, एकेका ग्रुपवर एकेक.